कंपनीला काय येतं, यावर तिचं तंत्रज्ञान धोरण ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीत तंत्रज्ञान विभाग तुमच्याकडे आहे. संचालक मंडळाने पुढच्या तीन वर्षांचं तंत्रज्ञान धोरण मागितलं आणि तुम्ही मसुदा दिला. त्यात नवी ईआरपी (लेखा, खरेदी, उत्पादन अशी कंपनीची कामं एकत्र सांभाळणारी प्रणाली), क्लाउडवर स्थलांतर आणि ग्राहकसेवेसाठी एआय आहे. तो वाचून एका संचालकांनी विचारलं, "यात आपलं बौद्धिक भांडवल कुठे आहे?" या प्रश्नात खरंच काही दम आहे की हा वार्षिक अहवालात शोभणारा शब्द आहे, आणि दम असेल तर त्याचं करायचं काय आणि ते मोजायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

मी गेली तेवीस वर्षं कंपन्यांच्या जुन्या प्रणाली बदलून नव्या बसवण्याच्या कामात आहे. माझ्या मते त्या संचालकांनी मसुद्यातली सगळ्यात मोठी उणीव बरोबर हेरली आहे. काय विकत घ्यायचं, ते मसुद्यात नीट आलंय. पण कंपनीला आज काय येतं, ते नेमकं कुणाला येतं आणि ही खरेदी झाल्यावर ते कुणाकडे राहील, यावर त्यात एक ओळ नाही. तंत्रज्ञानाचा कोणताही मोठा निर्णय ज्ञानाची जागा बदलतो. ते माणसाच्या डोक्यातून सॉफ्टवेअरमध्ये जातं, आपल्या सॉफ्टवेअरमधून व्हेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये जातं, आणि कधी कधी वाटेतच सांडतं. ही हलवाहलव ठरवून करायची की होईल तशी होऊ द्यायची, हा धोरणाचा खरा विषय आहे.

शब्दाबद्दल आधी दोन गोष्टी. स्कांडिया या स्वीडिश विमा कंपनीने १९९१ मध्ये लेइफ एडविन्सन यांना खास बौद्धिक भांडवलासाठी संचालक नेमलं, आणि १९९४ च्या वार्षिक अहवालाला त्या विषयाची स्वतंत्र पुरवणी जोडली. तिथून ही कल्पना कंपन्यांच्या बैठकीत आली. साधारणपणे तिचे तीन भाग धरतात. माणसांचं ज्ञान आणि कसब हे मानवी भांडवल. माणसं संध्याकाळी घरी गेल्यावर कंपनीत जे उरतं ते संरचनात्मक भांडवल: कार्यपद्धती, सॉफ्टवेअर, डेटा, पेटंट. आणि ग्राहक, पुरवठादार, भागीदार यांच्याशी जमलेलं नातं व परस्परांबद्दलची जाण हे संबंध भांडवल. व्याख्यांचा कीस इथे पाडत नाही. कामापुरतं एवढं पुरतं.

ताळेबंदात यातलं फार थोडं दिसतं. आयएएस ३८ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार संशोधनावरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, तो त्याच वर्षी खर्ची पडतो. प्रशिक्षणाचंही तसंच. कुशल कर्मचाऱ्यांना मालमत्ता मानत नाहीत, कारण त्यांच्यावर कंपनीचं पुरेसं नियंत्रण नसतं. हिशेबाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण परिणाम असा होतो की नवा सर्व्हर ताळेबंदात चढतो आणि तो सर्व्हर ज्या नियमांवर चालतो ते नियम जाणणारी व्यक्ती फक्त पगारखर्चात दिसते. निर्णय घेणाऱ्यांसमोर जो कागद असतो, त्याच्याच आधाराने निर्णय होतात. म्हणून ही दुसरी बाजू धोरणाच्या कागदावर तुम्हालाच आणावी लागेल.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते मी एका कंपनीत जवळून पाहिलं. नाव घेत नाही. तिथे धातूच्या भागांवर पावडर कोटिंग करून, म्हणजे भुकटीच्या रूपातला रंग चढवून, तो पक्का व्हावा म्हणून ते ओव्हनमधून काढत. रोज कोणतं काम कोणत्या क्रमाने लावायचं, हे एक अनुभवी नियोजक बाई स्प्रेडशीटवर ठरवायच्या. त्याजागी नियोजनाचं नवं मॉड्यूल आलं. ते डिलिव्हरीची तारीख आणि रंगबदलाचा वेळ पाहून क्रम लावायचं. कागदावर अतिशय सुंदर. पण चालू झाल्यापासून सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टमध्ये रिजेक्शन वाढलं. आधी पावडरवर संशय, मग पुरवठादारावर, मग हवेतल्या आर्द्रतेवर. त्या बदलाचा आराखडा मी स्वतः तपासून मंजूर केला होता, म्हणून मी दोन दिवस त्या बाईंच्या शेजारी बसलो.

त्यांच्या जुन्या स्प्रेडशीटमध्ये शेवटी एक रकाना होता, त्याला शीर्षक नव्हतं. त्यात कुठे ठिपका, कुठे फुली, कुठे छोटी रेघ. आम्ही डेटा नव्या प्रणालीत आणताना तो रकाना 'निरुपयोगी' म्हणून गाळला होता. ठिपक्याचा अर्थ विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "जाड कास्टिंग आहे, सुट्टीनंतर पहिल्या दोन तासांत घ्यायचं नाही. ओव्हन तापला असं पॅनेल दाखवतं, पण मागचा कोपरा तोवर गारच असतो. पातळ पत्र्याचे भाग तेवढ्यात भाजले जातात, जाड भाजले जात नाहीत." फुली म्हणजे ज्या ग्राहकाचे निरीक्षक ड्रॉइंगमध्ये नसतानाही चकाकी पाहून माल परत पाठवतात, तो ग्राहक. त्याचं काम ओव्हन स्थिरावल्यावर दुपारी. आणि रेघ म्हणजे जो ग्राहक तारीख मागतो आणि गाडी मात्र दोन दिवसांनी पाठवतो. अडचण आली तर त्याचं काम मागे सरकवलं तरी चालतं.

एका बिननावाच्या रकान्यात तिन्ही प्रकारचं भांडवल होतं. ओव्हनबद्दलचं कसब, नियोजनाची पद्धत आणि ग्राहकांची ओळख. आणि आम्ही ते स्थलांतराच्या यादीतून पुसून टाकलं होतं. नंतर ठिपका आणि फुली हे दोन्ही नियम सॉफ्टवेअरमध्ये घातले. भागाची जाडी ड्रॉइंगमध्ये होतीच, त्यामुळे काम चार दिवसांत झालं. रेघ मात्र मुद्दाम सॉफ्टवेअरमध्ये घातली नाही. कोणत्या ग्राहकाला किती ताणता येतं, हे महिन्यामहिन्याला बदलतं. ते त्या बाईंकडेच ठेवलं आणि त्यांच्या हाताखाली आणखी एकाला बसवलं. कोणतं ज्ञान कुठे ठेवायचं, याचे असे छोटे छोटे निर्णय मिळूनच धोरण तयार होतं.

जे माहीत आहे तेच फक्त हरवतं असंही नाही. अमेरिकेत अण्वस्त्रांच्या एका जुन्या बनावटीत 'फॉगबँक' नावाचा पदार्थ लागत असे. त्या शस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा तो पुन्हा बनवायची वेळ आली. तोवर जुना कारखाना बंद झाला होता, नोंदी फारच त्रोटक होत्या आणि ते काम केलेली जवळजवळ सगळी माणसं निवृत्त झाली होती किंवा सोडून गेली होती. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी २००९ च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं. नव्याने बनवलेला पदार्थ अपेक्षेप्रमाणे येत नव्हता. शेवटी उलगडलं ते असं: मूळ प्रक्रियेत कच्च्या मालातून एक अशुद्ध घटक येत होता आणि पदार्थाचे गुण त्याच्यावर अवलंबून होते. नवी शुद्धीकरणाची पद्धत जास्त चांगली, म्हणून ती हा घटक काढून टाकत होती. मूळ काम करणाऱ्यांनाही त्या घटकाचं महत्त्व माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ही गोष्ट मी प्रत्येक स्थलांतराच्या आधी टीमला सांगतो. 'सुधारणा' करताना जुन्या पद्धतीतलं काय काढून टाकतोय, हे जुनी पद्धत चालू असतानाच शेजारी शेजारी चालवून बघावं लागतं. नुसती कागदपत्रं वाचून ते कळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हेच उलट बाजूने घडतं. ज्ञान जातं आणि कोड मागे राहतो. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचं एक जुनं फंक्शन होतं, २००३ पासून न वापरलेलं पण कोडमधून कधीच न काढलेलं. नव्या कोडने जो फ्लॅग (कोडमधली चालू-बंदची खूण) वापरला तो पूर्वी याच फंक्शनचा होता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर ते जुनं फंक्शनच चालू झालं आणि नको त्या ऑर्डरी बाजारात जात राहिल्या. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालं आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं. तिची प्रणाली ही तिची सगळ्यात मोठी संरचनात्मक मालमत्ता होती. ती समजून घेणारी साखळी तुटल्यावर तीच सगळ्यात मोठी जोखीम झाली. तुमच्याकडेही 'याला हात लावू नका' असे कोडचे किंवा एक्सेलचे भाग असतीलच. त्यांची यादी तुमच्या मसुद्यात असायला हवी.

आता धोरणाची वरची पातळी, म्हणजे कंपनीने कोणत्या दिशेला जायचं. इथे फुजीफिल्म या जपानी फिल्म कंपनीचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. रंगीत फिल्मची जागतिक मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती आणि नंतर ती कोसळली. कंपनीचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांच्या कारकिर्दीत कंपनीने 'आपण काय विकतो' याऐवजी 'आपल्याला काय येतं' याची यादी काढली. फिल्म बनवताना अतिशय पातळ थर एकसारखे चढवावे लागतात. रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखावं लागतं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजेनपासून येतं, त्यामुळे त्याचीही खोल जाण होती. यातूनच एलसीडी पडद्यांच्या पोलरायझरसाठी (प्रकाश गाळणाऱ्या थरासाठी) लागणारी फिल्म मोठी झाली आणि २००७ मध्ये ॲस्टालिफ्ट ही त्वचेच्या उत्पादनांची मालिका आली. बाहेरून पाहणाऱ्याला फिल्म आणि क्रीम यांचा काही संबंध दिसत नाही. ज्ञानाची यादी पाहिली की लगेच दिसतो.

कोडॅकची गोष्ट सगळे सांगतात, पण ती सहसा चुकीची सांगितली जाते. कोडॅकला डिजिटल कळलं नाही असं मुळीच नव्हतं. स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकमध्येच बनवला. पेटंटं तर भरपूर होती. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केल्यावर डिजिटल प्रतिमांची पेटंटं सुमारे ५२.५ कोटी डॉलरना विकली गेली. कायद्याने संरक्षित ज्ञान कोडॅककडे होतं. पण कारखाने, वितरक, विक्रीची माणसं, नफ्याचा हिशेब हे सगळं फिल्मभोवती घडलेलं होतं. तुमच्या संचालकांपैकी कुणी 'बौद्धिक भांडवल म्हणजे पेटंटं' असं समजत असतील, तर त्यांना एवढंच सांगा. पेटंट हा त्यातला विकता येणारा, म्हणून सहज दिसणारा भाग आहे.

मग विकत काय घ्यायचं आणि स्वतःकडे काय ठेवायचं? माझा अनुभव असा की पगार, लेखा, रजा, खरेदीच्या ऑर्डरी यांत तुमची कंपनी काही वेगळं करत नाही. तिथे व्हेंडरची प्रमाणित पद्धत जशीच्या तशी घ्या आणि स्वतःच्या सवयी बदला. कस्टमायझेशनवर, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या सवयींप्रमाणे बदलून घेण्यावर, तिथे खर्च होणारा प्रत्येक तास दुसरीकडून कमी होतो. उलट कोटेशन काढताना तुमचा अंदाज अचूक कसा येतो, प्रक्रियेच्या सेटिंग कशा ठरतात, नियोजन कसं होतं, यांत तुमचा फरक आहे. ते नियम तुमच्या ताब्यात राहिले पाहिजेत. सॉफ्टवेअर व्हेंडरचं असलं तरी नियम वाचता येतील, बदलता येतील आणि उद्या दुसरीकडे नेता येतील अशा स्वरूपात हवेत. करारात डेटा परत मिळण्याची तरतूद सगळे घालतात, नियम आणि कॉन्फिगरेशन परत मिळण्याची तरतूद फार थोडे घालतात. लहान व्हेंडर असेल तर तो बंद पडला तरी सॉफ्टवेअरचा मूळ कोड तुम्हाला मिळावा म्हणून तो तिसऱ्या पक्षाकडे ठेवण्याचा करारही करा.

एक चूक वारंवार होते. 'ते तज्ज्ञ आहेत, ते करतील' म्हणून संपूर्ण अंमलबजावणी बाहेर दिली जाते आणि आपली चांगली माणसं रोजच्या कामात अडकलेली राहतात. कोहेन आणि लेव्हिंथल या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेला मुद्दा इथे नेमका लागू पडतो: बाहेरचं ज्ञान ओळखून, पचवून वापरण्याची ताकद ही आत आधीपासून किती ज्ञान आहे यावर ठरते. म्हणजे जिथे बाहेरून घ्यायचं तिथेसुद्धा आत निदान एक-दोन माणसांना ते खोलवर यायलाच हवं. तुमची सर्वांत जाणकार व्यक्ती त्या प्रकल्पावर पूर्णवेळ द्या. हे सगळ्यांना महाग वाटतं. पण तसं केलं नाही तर प्रकल्प संपताना ज्ञान व्हेंडरच्या माणसांबरोबर बाहेर पडतं आणि पुढची पाच वर्षं तुम्ही तेच त्यांच्याकडून तासाच्या दराने भाड्याने घेता.

तुमच्या मसुद्यातल्या एआयबद्दल. ग्राहकसेवेचा सहायक तुमच्या लिखित कागदपत्रांवर उत्तरं देणार. म्हणजे जे लिहिलेलं नाही ते त्याला माहीत नसणार, आणि जे जुनं झालंय तेही तो तितक्याच आत्मविश्वासाने सांगणार. त्या फुलीचा अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता, हे आठवा. त्यामुळे एआयच्या बजेटमधला मोठा वाटा कागदपत्रं साफ करण्यावर आणि प्रत्येक कागदाला जबाबदार माणूस नेमण्यावर ठेवा. दुसरं, तुमच्या कर्मचाऱ्यांनी सहायकाच्या उत्तरांत केलेल्या दुरुस्त्या हे नवं भांडवल आहे, बहुतेक वेळा मूळ कागदांपेक्षा मोलाचं. त्या दुरुस्त्या कुणाच्या मालकीच्या, हे करारात लिहून घ्या. तिसरं, कर्मचारी बाहेरच्या साधनांत काय टाकतात याचा नियम आजच करा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी संवेदनशील कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. निव्वळ बंदीने मात्र भागत नाही. चांगलं अंतर्गत साधन दिलं नाही तर लोक बाहेरचं वापरतातच.

माणसं सांगतील का, हा यातला सगळ्यात नाजूक भाग. फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' (PARC) संशोधन केंद्रातल्या ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहून अभ्यास केला. मॅन्युअलमध्ये नसलेल्या बिघाडांवर ते एकमेकांना किस्से सांगून मार्ग काढत, असं त्याला दिसलं. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने 'युरेका' ही प्रणाली उभी केली. त्यात क्लृप्ती तंत्रज्ञच लिहीत, दुसरे तंत्रज्ञ ती पारखून घेत आणि क्लृप्तीवर लिहिणाऱ्याचं नाव राहत असे. नाव राहणं ही गोष्ट लहान नाही. मी पाहिलंय, 'ज्ञान हस्तांतर' असा विषय लिहून ईमेल गेला की लोकांना आपली नोकरी जाणार असं वाटतं आणि ते गप्प होतात. काही ठिकाणी ती भीती खरीही असते. म्हणून आधी त्यांना सांगा की लिहून दिल्यावर त्यांचं स्थान काय असेल, आणि तो शब्द पाळा. आमच्या त्या नियोजक बाई आता नियोजनाच्या नियमांच्या जबाबदार आहेत. त्यांच्या सहीशिवाय त्या मॉड्यूलमधला एकही नियम बदलत नाही.

मोजायचं कसं, हे तुम्ही विचारलंच आहे. पैशांत किंमत काढण्याच्या फंदात पडू नका. हे भांडवल वापरात असतानाच मोलाचं असतं, सुटं काढून त्याचा भाव ठरवता येत नाही. मी चार आकडे बघतो. प्रत्येक महत्त्वाचं काम कुणाच्याही मदतीशिवाय करू शकणारी माणसं किती. उत्तर 'एक' आलं की तिथे लाल खूण. नव्या माणसाला ते काम एकट्याने करायला किती महिने लागतात. ज्या बदलासाठी आपणच पुरेसे असायला हवं, त्यासाठी तिमाहीत किती वेळा व्हेंडरला बोलवावं लागलं. आणि ज्याने कार्यपद्धतीचा कागद लिहिलेला नाही अशा माणसाने तो वाचून ते काम शेवटचं कधी करून दाखवलं. हा चौथा आकडा काढायला बसलात की बहुतेक कागदांबाबत 'कधीच नाही' असं उत्तर येतं.

मंडळासमोर पुन्हा जाण्याआधी सगळ्या कंपनीचा नकाशा काढत बसू नका, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. ईआरपीत जाणाऱ्या कामांपैकी एकच निवडा, शक्यतो ते जिथे एकाच व्यक्तीवर सगळं उभं आहे. दोन दिवस त्या व्यक्तीशेजारी बसा. त्यांच्या एक्सेलमधले बिननावाचे रकाने, वहीच्या समासातल्या खुणा, 'हा फोन मीच करते' अशी वाक्यं टिपून घ्या. मग मसुद्यात प्रत्येक प्रकल्पाखाली तीन ओळी जोडा: या प्रकल्पाने कोणतं ज्ञान हलतं, ते कुठून कुठे जातं आणि तीन वर्षांनी ते बदलायचं झालं तर आपल्यातलं कोण बदलू शकेल. आणि हे काम ईआरपीच्या करारावर सही होण्याआधी करा. तेव्हा त्या खुणा मूळ कामाच्या व्याप्तीत बसवून घेता येतात. सहीनंतर त्यातली प्रत्येक खूण चेंज रिक्वेस्ट म्हणून वेगळ्या बिलाने येते.